दुकानाची नवी पाटी



कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेलें आमचें कुरुंदवाड १९४८ पर्यंत पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होतें. शेजारींच नृसिंहवाडी. दत्तदर्शनास आलेला यात्रेकरू जातांना पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी नेतो, आणि घरीं ती संपली म्हणजे पुनः मागवावी असें त्यास वाटूं लागतें. अशा गिऱ्हाइकांसाठीं लहान दुकानदारही आतां स्वतःची वेबसाइट करवून घेऊं लागले आहेत. ती करणारा कारागीर कसा पारखावा, याविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

बहुतेक जण पहिला प्रश्न दराचा विचारतात. माझ्या मतें पहिला प्रश्न मालकीचा असावा. वेबसाइटचें नांव, ज्यास डोमेन म्हणतात, तें कायमचें विकत मिळत नाहीं. ठराविक वर्षांच्या भाड्यानें मिळतें, आणि ज्याच्या नांवें नोंद असेल त्याच्याच हातीं राहतें. आमच्याकडील एका व्यापाऱ्यानें सर्व काम एका तरुणावर सोंपविलें. त्यानें नोंद स्वतःच्या नांवें केली. पुढें तो नोकरीनिमित्त परगांवीं गेला, मुदत संपली, भाडें कोणी भरलें नाहीं, आणि बर्फीच्या प्रत्येक डब्यावर छापलेला पत्ता एके दिवशीं मुका झाला! तेव्हां नोंद आपल्या नांवें, आपल्या ई-मेलवर, आणि पासवर्ड आपल्या वहींत. हें ज्यास मान्य नसेल त्याच्याशीं पुढील बोलणींच नकोत.

आतां मराठीचा प्रश्न. येथें मी थोडा रेंगाळेन; मास्तरकीची संवय! छापखान्यांतील जुन्या फाँटांत जुळविलेला मजकूर जसाच्या तसा वेबसाइटवर चढविला, तर वाचणाऱ्याच्या मोबाईलवर त्याचीं अगम्य चिन्हें होतात. कांहीं कारागीर यावर तोड म्हणून मजकुराचें चित्रच डकवितात. डोळ्यांस अक्षर दिसतें खरें, परंतु गूगलवर ‘कवठाची बर्फी’ शोधणाऱ्यास तें दुकान सांपडणें कठीण. मजकूर युनिकोडमध्येंच हवा. २०१४ पासून ‘.भारत’ हा शेवट जोडून पत्ताही देवनागरींत घेतां येतो. तथापि इंग्रजी अक्षरांतला पत्ताही सोबत ठेवावा, कारण मोबाईलवर देवनागरी टंकण्याचा सराव पुष्कळांस नसतो. ऱ्हस्वदीर्घ मात्र दुकानदारानें स्वतः तपासावें. ‘बासूंदी’ लिहिणाऱ्या कारागिरास त्याचें कांहींच वाटत नाहीं.

त्याचें पूर्वीचें काम पाहावयाचें तें आपल्या साध्या मोबाईलवर, एस. टी. स्टँडवर उभें राहून पाहावें. कारागिराच्या मोठ्या पडद्यावर सारेंच सुंदर दिसतें. मग त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांस फोन करून एवढेंच विचारावें, कीं भाव बदलावयाचा झाल्यास तुम्हांस किती दिवस थांबावें लागतें?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. २०१९ च्या ऑगस्टांत, आणि पुनः २०२१ च्या जुलईंत, पुराच्या पाण्यानें गांवास वेढा घातला. रस्ते बंद झाले. अशा वेळीं ‘मागणी घेणें तूर्त थांबविलें आहे’ ही एक ओळ दुकानदारास स्वतःच्या हातानें लिहितां आली पाहिजे. ती लिहितां आली नाहीं, तर दूरचें गिऱ्हाईक पैसे भरत राहतें, इकडे माल हलत नाहीं, आणि नाशवंत जिन्नस कपाटांतच खराब होतो.

म्हणून पैसे हप्त्यांनीं द्यावे, आणि शेवटचा हप्ता दुकानदारानें कारागिरासमोर बसून, त्याची मदत न घेतां, एका जिनसाचा भाव बदलून दाखविल्यानंतरच द्यावा.