मानेची शस्त्रक्रिया आणि श्वास



मानेच्या मणक्यांमधून निघणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या चेतांपासून
श्वासपटलाची नस बनते,
आणि श्वासपटल म्हणजे छाती व पोट यांच्यामधला,
श्वास आत ओढणारा मुख्य स्नायू होय.

मानेच्या शस्त्रक्रियेनंतर ही नस क्वचित दुबळी पडते;
तेव्हा बसल्यावर बरे वाटणाऱ्या रुग्णाला
उताणे झोपताच धाप लागते.

उताणे झोपताच धाप,
हे पुन्हा सांगणे आवश्यक आहे,
कारण अशक्तपणा समजून ती अंगावर काढली जाते.

छत्रपती संभाजीनगरला शस्त्रक्रिया करून
अंबड, भोकरदन वा परतूरला परतलेल्या रुग्णाने
हे लक्षण दिसताच शल्यचिकित्सकांना कळवावे;
मान सुजून श्वास अडत असल्यास मात्र
क्षणाचाही विलंब न लावता
108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.