जुन्या खेळांचा जीर्णोद्धार



आजचा विषय पत्रिकेवर वाचून पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील. व्हिडिओ गेमवर व्याख्यान! परंतु वीसेक वर्षांपूर्वी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन आंद्रेआस’ खेळणारी मुले आज पस्तिशी-चाळिशीला आली आहेत, आणि त्यांतील काही याच मांडवात मागे बसली आहेत. (त्या खेळांतील चोऱ्यामाऱ्यांची वकिली आम्हांला करावयाची नाही, तो निराळ्या संध्याकाळचा विषय होय.) आमचा प्रश्न एवढाच, की नावाजलेला जुना खेळ नफ्यासाठी नव्याने घडविला म्हणजे तो बिघडतोच काय?

काळ्या पाषाणाच्या देवळांना जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइल पेंट फासलेला आपण सर्वांनीच पाहिला आहे. विश्वस्तांचा हेतू वाईट नसतो. देऊळ झळकते खरे. खांबावरील नक्षी मात्र रंगाखाली बुजून जाते.

रॉकस्टार कंपनीने नेमके हेच केले. २००१, २००२ आणि २००४ या साली निघालेले आपले तीन खेळ तिने ११ नोव्हेंबर २०२१ रोजी एकत्र करून, नवा मुलामा देऊन बाजारात आणले. ‘सॅन आंद्रेआस’मध्ये डोनटच्या एका दुकानावर भलामोठा नट होता. नट-बोल्टमधला तो षटकोनी नट. दुकानाच्या नावातच त्यावरून कोटी केलेली होती. नव्या आवृत्तीत कडा गुळगुळीत करण्याच्या भरात त्याचे सहा कोपरे नाहीसे झाले. नट गेला, कोटीही गेली.

परंतु खरी हानी झाली ती धुक्याची. मूळ खेळ ज्या प्लेस्टेशन २ या यंत्रावर प्रथम निघाला, त्याची रॅम अवघी ३२ मेगाबाइट. (आज साध्या मोबाइलमध्येही याच्या शंभरपट असते.) दूरचे सारे एकदम दाखविणे त्या यंत्राला झेपत नव्हते, म्हणून कारागिरांनी क्षितिजावर धुरकट पडदा सोडला. त्या पडद्यामुळे तीन शहरे एकमेकांपासून दूर भासत, आणि खेळणाऱ्याला आपण एका अफाट प्रदेशातून प्रवास करीत आहोत असे वाटे. नव्या यंत्राला सगळेच दिसू शकत होते, तेव्हा पडदा उचलला गेला. विमानातून पाहावे तो तिन्ही शहरे एकाच ताटात वाढल्यासारखी! अडचणीतून निघालेली युक्ती हीच त्या खेळाची कला होती, हे काम करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही, किंवा ध्यानात घेण्याइतका वेळ त्यांना मिळाला नसावा. जुन्या धर्तीची प्रकाशयोजना परत आली ती नोव्हेंबर २०२४ मधील दुरुस्तीत, म्हणजे तीन वर्षांनी.

मग नफा हाच दोषी काय? तसे म्हणवत नाही. जपानच्या कॅपकॉमने १९९८ चा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ हा भयखेळ २०१९ साली पुन्हा घडविला, तोही धर्मादाय म्हणून नव्हे. मूळ खेळात प्रत्येक दार सावकाश उघडे. त्या अवधीत यंत्र पुढची खोली तयार करी आणि खेळणाऱ्याचा श्वास अडकून राही. नव्या खेळात ती दारे नाहीत. पण तो अडकलेला श्वास राखावयाचा आहे, हे कारागिरांनी ओळखले होते. त्यांनी गर्द अंधार ठेवला, हातात एक विजेरी दिली, आणि गोळ्या मोजक्याच ठेवल्या. रसिकांनी पदरचे पैसे मोजून या खेळाला दाद दिली.

तेव्हा नफा कमवावा; आमची तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार आहे ती दुकानातील फळीबद्दल. संगीत नाटकाचा नवा प्रयोग फसला, तरी छापील संहिता कोणी पळवीत नाही. येथे मात्र नवा माल येण्यापूर्वी, ऑक्टोबर २०२१ मध्येच, जुने तिन्ही खेळ डिजिटल दुकानांतून काढून घेतले गेले. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज रीतसर विकतच मिळत नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले. उरलेल्यांतूनही आपल्याच हाताने उणे करावयाचे, याला काय म्हणावे?

ओरड झाली. १९ नोव्हेंबरला रॉकस्टारने माफी मागितली आणि जुने खेळ पुन्हा विक्रीस ठेवण्याचे वचन दिले. ते वचन मात्र संगणकावर खेळणाऱ्यांपुरतेच होते.