सावली म्हणजे निदान नव्हे
(पुणे येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



छातीच्या क्ष-किरणचित्रात गाठीसारखी सावली दिसली, की घरातील मंडळींचा धीर सुटतो. 'कर्करोग' हा शब्द डॉक्टरांच्या आधी आम्हीच उच्चारतो आणि रुग्णापासून लपवितो.

१८९५ साली राँटगेन यांनी शोधलेले क्ष-किरण काय किंवा आजचा सीटी स्कॅन काय, ही साधने आकार दाखवितात; त्याचे कारण निश्चित सांगतातच असे नाही. फुप्फुसातील क्षयाची गाठ कर्करोगासारखी दिसू शकते. पेट स्कॅनसाठी किरणोत्सारी साखर टोचतात. ती कर्कपेशी अधिक शोषतात, तशाच जंतूंशी झुंजणाऱ्या पेशीही शोषतात. म्हणून गाठीतून काढलेल्या तुकड्याची परीक्षा महत्त्वाची. त्याचा काही भाग फॉर्मॅलिनमध्ये न घालता क्षयजंतूंच्या तपासणीसाठी निराळा ठेवावा लागतो. याविषयी डॉक्टरांस आधीच विचारावे.

उलट चूकही घडते. क्षयच असेल, असे मानून महिनोन्‌महिने औषधे घ्यावीत आणि तोवर कर्करोग बळावावा, हेही तितकेच घातक होय.

आपल्या पुण्यात ससून रुग्णालय आहे, औंधला उरो रुग्णालय आहे. शासकीय योजनेत क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात. तरीही मुलामुलींची स्थळे मोडतील या भयाने आम्ही क्षयाचे नाव दडवितो व उपचार अर्धवट सोडतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी सावली दिसल्यास त्यांनी ती लपवू नये, तपासणी पूर्ण करावी, आणि इतरांनी त्या घरी पाठ फिरवू नये, एवढीच आमची आग्रहाची विनंती आहे.