स्वल्पविरामासारखा जंतू
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितलंय. मी लॅबवाला, आयुष्यभर लोकांची शौचं तपासली. तेव्हा जेवणाआधी हा विषय काढतोय, चालवून घ्या.

माझी बरीच नोकरी भामरागडकडे गेली. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं की रस्ता बंद, आणि पूर ओसरला की हगवण-उलटीचे पेशंट सुरू. एकदा खाटेची कावड करून एक जण आणला. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली, शौच तांदळाच्या धुवणासारखं. त्याचा थेंब दुर्बिणीखाली धरला तर वाकडे जंतू उल्केसारखे सुसाट पळताना दिसले. रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली कलकत्त्यात हाच जंतू ओळखला आणि त्याचा आकार स्वल्पविरामासारखा असल्याचं सांगितलं. आपले जुने लोक पटकी म्हणत, मरीमायचा कोप म्हणत. कोंबडं कापून काही होत नव्हतं. पण गाव सोडून रानात राहायला जात, त्यात अर्थ होता. पाणी बदलायचं ना!

सलाइनच्या बाटल्या मोजक्याच होत्या. म्हणून त्याची बायको रात्रभर ओआरएस चमच्यानं पाजत बसली. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी याच साखर-मिठाच्या पाण्यानं हजारो जीव वाचवले होते. पहाटे त्याला लघवी झाली, तेव्हा कुठे आमचे डॉक्टर हसले. नंतर कळलं, गावचा हातपंप बंद होता आणि सगळे नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी पीत होते.

याचाच एक लांबचा भाऊबंद मळसूत्रासारखा असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो जठरात राहतो, अल्सर करतो. हे पटवायला बॅरी मार्शल 1984 मध्ये तो जंतू स्वतः प्यायले. 2005 मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणारे बरेच आहेत (नावं घेत नाही), त्यांनी एकदा डॉक्टरांना या तपासणीचं विचारावं.

तुम्ही म्हणाल, भामरागडचं इथे चंद्रपुरात काय? गेल्या महिन्यात मी ओ.टी. टेस्ट केली. नगराच्या नळाचं पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. आपल्या गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याला रंगच आला नाही. खालच्या टाकीचं झाकण फुटलंय, आणि ड्रेनेजची लाइन तिथून दोन हातांवर. झाकणाचं कोटेशन दोन मीटिंगांत पुढे ढकललं. रौप्यमहोत्सवाच्या रंगाचं मात्र एकाच मीटिंगमध्ये पास झालं. मीही हात वर केला होता, खोटं कशाला बोलू?

आता कमिटीनं होकार दिलाय. येत्या रविवारी सकाळी 8 वाजता दोन्ही टाक्या उपसायच्या आहेत. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा. ब्लीचिंग पावडर मी आणतो. खराटे आणि चार तरणी पोरं तुम्ही द्या.