पिशवी काढण्याआधी



चंडीगडमध्ये बसून महाराष्ट्रातल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांविषयी बोलायचे म्हणजे काहींना विषयांतर वाटेल. पण पंजाब, हरियाणा, हिमाचलातून इथल्या पीजीआय रुग्णालयाच्या दारात येणाऱ्या बाईच्या हातातही तोच सोनोग्राफीचा कागद असतो आणि त्यावर तेच एक वाक्य: गर्भाशयात गाठ आहे. या वाक्यापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतचा रस्ता आपल्याकडे फार आखूड झाला आहे, हे माझे आजचे म्हणणे. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आहे. या सगळ्याजणींना फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, नव्हत्या हे उघड आहे; पण ‘गाठ’ हा शब्द ऐकल्यावर घाबरलेल्या बाईला काय सुचवले जाते, ते या आकड्यांतून कळते.

वास्तविक पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात लहानमोठ्या गाठी होतात आणि त्यांतल्या कित्येक कधीच त्रास देत नाहीत. त्रास ठरतो तो आकारापेक्षा जागेवरून. आतल्या अस्तराखालची एखाद्या सेंटिमीटरची गाठ बाईला रक्तक्षयापर्यंत नेऊ शकते, तर बाहेरच्या बाजूची पाच सेंटिमीटरची गाठ वर्षानुवर्षे गप्प बसते. म्हणून अहवाल वाचण्याआधी विचारायचे ते साधे आहे: अंगावरून किती जाते, गुठळ्या पडतात का, रात्री कपडा बदलायला उठावे लागते का, लघवीला वारंवार जावे लागते का, मूल हवे आहे का. उत्तरांतून काही त्रास दिसला नाही आणि गाठ झपाट्याने वाढत नसेल, तर लक्ष ठेवणे हाही उपचारच. रक्तस्राव असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, लोहाच्या गोळ्या, गर्भाशयाची पोकळी वेडीवाकडी झाली नसेल तर हार्मोनयुक्त तांबी. अस्तराखालची गाठ दुर्बिणीतून काढता येते. गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची पद्धत फ्रान्समधून 1995 मध्ये जगापुढे आली. मूल हवे असलेल्या स्त्रीला मात्र ती सरसकट सुचवू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: बाईच म्हणते, एकदाची पिशवी काढून टाका. खरे आहे, आणि गाठींचा कायमचा बंदोबस्त करणारी शस्त्रक्रिया हीच, हेही मान्य करायला हवे. सगळे करून थकलेल्या स्त्रीने विचारपूर्वक ती मागितली, तर तिला अडवणारे आपण कोण? पण उसाच्या फडात पाळीच्या दिवशी खाडा पडला की मुकादम मजुरी कापतो, उचल फिटायची असते, जवळ पाणी नाही, संडास नाही. अशा बाईची मागणी गर्भाशयाने केलेली नसते, ती कोयत्याच्या हिशेबाने केलेली असते. त्यात ‘कॅन्सर होईल’ ही भीती कुणी घातली तर संमती कसली? फायब्रॉइडचा कॅन्सर होणे अत्यंत विरळ. उलट तरुणपणी बीजकोशही काढले, तर हाडे आणि हृदय यांचा त्रास अकाली मागे लागतो.

दुसरा आक्षेप तालुक्याच्या डॉक्टरांचा: आमच्याकडे एवढी यंत्रे कुठे? दुर्बीण नसेल, पण गोळ्या आणि तांबी यांना मोठे रुग्णालय लागत नाही. लागतो तो वेळ, आणि त्याचे बिल होत नाही. दुखणे इथेच आहे.

केंद्राने 2022 मध्ये अनावश्यकपणे पिशवी काढणे रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. तेवढ्यावर न थांबता, आपल्यापैकी प्रत्येक डॉक्टरने चाळिशीच्या आतल्या स्त्रीची पिशवी काढण्याआधी कोणते पर्याय तिला तिच्या भाषेत सांगितले आणि ती काय म्हणाली, हे केसपेपरवर लिहून ठेवावे, अशी माझी विनंती आहे.