पाल्य नव्हे, लेक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चूल सांभाळणारी बाई. चारचौघींत बोलायची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या ख्रिस्ती धर्मातले काही सांगा." म्हणून एकच गोष्ट सांगते. ती माझ्या घरातलीच आहे.

मी चार वर्षांची असताना धुळ्याच्या एका ख्रिस्ती जोडप्याने मला अनाथाश्रमातून घरी आणले. त्यांना दोन मुलगे होतेच. कित्येक महिने मी त्या नव्या बापाला हाकच मारली नाही. एका रात्री मला ताप भरला. डोळे उघडले तर ते उशाशी बसून कपाळावरची पट्टी बदलत होते. माझ्या तोंडून "आबा" असे निघाले. तेव्हा ते रडले, असे आई सांगे.

पुढे देवळात रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय ऐकला. पौल तिथे म्हणतो की देवाने आपल्याला दत्तक घेतले आहे, म्हणून आपण त्याला "अब्बा" अशी हाक मारतो. अब्बा हा अरामी शब्द, येशूच्या बोलीतला, अर्थ बाप. मला वाटले, ही तर माझीच हाक!

पौलाच्या काळी रोमी कायद्यात दत्तक पुत्र पुरा वारस होई. ऑगस्टस बादशहाने तिबेरियसला दत्तक घेतले आणि पुढे तोच गादीवर बसला. पण ते दत्तक घराण्यासाठी होते. आपल्याकडेही पूर्वी वंशासाठी मुलगाच घेत. मुलगी दत्तक घेण्याची मोकळीक १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने दिली. देवाला वारसाची अडचण नाही. तो घेतो ते केवळ मायेने, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही.

पण गंमत पाहा. ज्यांच्या धर्मात दत्तकाला एवढे मोल, त्या ख्रिस्ती लोकांना आपल्या देशात दत्तकाचा कायदाच नव्हता. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याने मूल फक्त सांभाळायला मिळे, आणि ते सज्ञान झाले की पालकत्व संपे. माझ्या कागदावर मी लेक नव्हते, "पाल्य" होते. आबा वारल्यावर एक नातलग म्हणालेच, "आणलेल्या पोरीचा काय हक्क?" मी मान खाली घातली. तेव्हा थोरल्या भावाने आबांचे मृत्युपत्र वाचून दाखवले. त्यात लिहिले होते, "माझी तीन अपत्ये." घराचे तीन सारखे वाटे केले होते. भगिनींनो, त्या वाट्यापेक्षा मला ते तीन शब्द मोठे वाटले.

आता काळ बदलला. २००० च्या बाल न्याय कायद्याने आणि २००६ च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली. कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याने दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. पण कायद्याच्या आधीही माया होतीच. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या हालात गेले. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणून त्यांना आसरा दिला. केडगावचे मुक्ती सदन त्यांचे माहेर झाले. जी स्वतः पोरकी झाली, तिलाच पोरकेपण कळले.

मी लग्न होऊन जळगावला आले. आखाजी काही आमचा सण नव्हे. पण आई म्हणे, "खान्देशात आखाजीला लेक माहेरी येतेच." ती होती तोवर दरवर्षी भाऊ मला न्यायला येई. झोक्यावर बसले की मला माझ्या धर्माचे सार कळे. आपण काही करून दाखवले म्हणून लेक होत नाही. आधी लेक म्हणून घरात घेतात, मग आपण त्या घराला शोभेसे वागू लागतो.

म्हणून एवढीच विनंती. कुणाच्या घरी असे मूल असेल तर त्याच्यासमोर "आणलेले" हा शब्द उच्चारू नका. तो शब्द मी चाळीस वर्षे ऐकत आले आहे.