देवाच्या विहिरीतला गाळ

(श्री भैरवनाथ मंदिराच्या कळसारोहण सोहळ्यात, दुसऱ्या दिवशी रात्री सभामंडपात केलेले भाषण)



काल कळस चढला. पंचक्रोशीने तो डोळे भरून पाहिला. आज मला बोलायला सांगितले तेव्हा मी समितीला म्हणालो की, मी काही व्याख्याता नव्हे. दहावी पास झालेला, तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस. कळसाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मी आपला विहिरीविषयी बोलतो. अध्यक्ष हसले, पण हो म्हणाले.

मंदिराच्या मागची देवाची विहीर गेल्या वैशाखात उपसली, हे आपणांस ठाऊक आहेच. पाच दिवस काम चालले. मी रजा टाकून दोन दिवस हाताखाली होतो. पहिले चार हात गाळ निघालाच नाही; निघाल्या त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. गाठी मारलेल्या. एक पिशवी सोडून पाहिली, तर आत झेंडूची फुले, बेल, उदबत्तीच्या काड्या, सगळे कुजून काळे पाणी झालेले. पिशवी मात्र जशीच्या तशी. दुकानाचे नाव वाचता येत होते. ते दुकान बंद होऊन बारा वर्षे झाली! फूल कुजते, पान कुजते, मातीत मिळते. पिशवी काही कुजत नाही. फार तर उन्हाने तिचे तुकडे होतात, आणि ते तुकडे जिथल्या तिथे राहतात. आपण देवाला वाहिलेले निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून पाण्यात सोडायचे, ही आपल्या वाडवडिलांची रीत. रीत चांगलीच होती. पण त्यांच्या ओंजळीत फक्त फुले असत.

त्या पाण्याने आपण गुरवांना देवाची आंघोळ घालायला लावत होतो. हे बोलायला बरे वाटत नाही, पण खरे आहे.

आता दुसऱ्याचे दोष काढण्यापूर्वी स्वतःचा सांगतो. सन २०११ मध्ये माझ्या धाकट्या भावाचे लग्न झाले. पंगतीला थर्मोकोलच्या ताटल्या मीच आणल्या. स्वस्त पडल्या, धुवायला नको, उचलायला हलक्या. त्या काळी त्यात प्रतिष्ठाही वाटे. पळसाची पत्रावळ म्हणजे गरिबाघरची पंगत, असे आम्हांला वाटू लागले होते. पंगती उठल्यावर उष्टे-खरकटे आणि उरलेला मसालेभात पिशव्यांत भरून, गाठी मारून, ट्रॉलीने ओढ्याकाठी टाकायला मीच सांगितले. महिना-दीड महिन्याने भावकीतल्या एका काकूंची गाय चारा खाईना, पोट फुगले, आणि ती गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चिरले तेव्हा घमेलेभर पिशव्यांचा गोळा निघाला. गायीला पिशवीची गाठ सोडता येत नाही. अन्नाच्या वासाने ती पिशवीसकट गिळते, आणि गिळलेले प्लॅस्टिक पहिल्या पोटातच साचत जाते. पुढे सरकत नाही, रवंथाबरोबर वरही येत नाही. गाय दुभती होती, त्या घराचा संसार तिच्यावर होता. त्या पिशव्या माझ्याच लग्नघरातल्या होत्या, असे छातीठोक सांगता येणार नाही. नव्हत्या, असेही सांगता येणार नाही. काकू आज समोर बसल्या आहेत. मी त्यांना हे आजवर बोललो नव्हतो.

कायद्याचे म्हणाल तर कायदा आहे. आपल्या राज्याने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्मोकोलच्या ताटल्या-पेले बंद केले. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद केली. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर साऱ्या देशात बंदी आली. कागद मी रोज हाताळतो, म्हणून सांगतो. आदेश कचेरीतून निघतो आणि फायलीत बसतो. तो पंगतीत बसवणे हे पंगत वाढणाऱ्याच्या हाती असते. परवाच्या आपल्या महाप्रसादालासुद्धा एका बाजूच्या पंगतीत त्याच ताटल्या होत्या. मी मोजल्या नाहीत, कारण मोजल्या असत्या तर भांडण झाले असते.

चैत्रातली यात्रा आता चार महिन्यांवर आली. माझी समितीला विनंती आहे की या वर्षापासून देवाची स्वतःची स्टीलची ताटे असावीत. पाचशे ताटे, पाचशे वाट्या, पाचशे पेले. एका पंगतीला पाचशे माणूस बसते. ती उठेपर्यंत मागची ताटे धुऊन तयार होतात. काही ज्येष्ठ मंडळींनी आक्षेप घेतला की एवढी ताटे धुवायला पाणी कोठून आणणार? आक्षेप रास्त आहे. नळाखाली धरून ताट धुतले तर पाणी पुरणारच नाही. पण आपल्या घरच्या बायका पूर्वीपासून करतात तसे करावे. आधी खरकटे काढून जनावरांच्या पाटीत, मग राखेने घासणे, मग तीन मोठ्या टोपांत एकामागून एक बुडवणे. पहिल्या टोपातले गढूळ पाणी अळूच्या वाफ्याला. देणगीदारांना माझी हात जोडून विनंती : संगमरवरी पाटीवर नाव घालायला भिंत आता उरलेली नाही. ताटाच्या काठावर नाव घालता येते, आणि ते नाव जेवणारा माणूस दरवर्षी वाचतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर मला जे मनापासून सांगायचे आहे ते सांगतो. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडायला जात. ते सांगत की त्या साली याच देवाच्या विहिरीने गाव जगवला. रात्री दोनला बायका घागरी घेऊन नंबर लावत. आज त्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसते आणि आपण टँकरचा अर्ज घेऊन तालुक्याला येतो. तो अर्ज माझ्याच टेबलावर येतो. आपल्याच गावाचा अर्ज आवक नोंदवहीत चढवताना मान वर होत नाही.

आता हा नवा सभामंडप पाहा. चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद. म्हणजे बाराशे चौरस फूट, चौरस मीटरमध्ये सुमारे एकशे अकरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस धरला, तर या एका छतावर पंचावन्न हजार लिटर पाणी पडते. पाचवा भाग वाया गेला असे मानले तरी चव्वेचाळीस हजार उरते. दहा हजार लिटरचे चार टँकर भरून वर चार हजार! आणि हे पाणी आज कोठे जाते? चारी कोपऱ्यांच्या नळांतून फरशीवर, फरशीवरून रस्त्यावर, आणि तेथे चिखल होतो म्हणून आपण ग्रामपंचायतीला नावे ठेवतो. छताचे चारही नळ एकत्र करून, वाळू-खडी-कोळशाच्या खड्ड्यातून गाळून, पाइपाने विहिरीत सोडावेत. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर काढावे, कारण त्यात छतावरची धूळ आणि पारव्यांची घाण असते.

हे काही माझे डोके नव्हे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातले हिवरे बाजार आपण ऐकून आहात. पाऊस आपल्यासारखाच कमी. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, डोंगरावर चर खोदले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, हे ग्रामसभेत ठरवून पाळले. पडलेला पाऊस मोजायचा, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, उरेल त्यावर पीक ठरवायचे. पगारदार माणूस महिन्याचा खर्च बसवतो तसा ते पाण्याचा बसवतात. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली, पण त्याआधी तीस वर्षे गेली हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्याकडे एक पावसाळा कोरडा गेला की दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी येते.

पिंपळाबद्दल थोडे. पारावर नवी फरशी बसवली, देखणी झाली, पण सिमेंट थेट बुंध्याला भिडवले आहे. झाडाला मुळाशी पाणी आणि हवा लागते. बुंध्याभोवती दोन हात माती मोकळी करावी, एवढेच. कंत्राटदार म्हणतात की शोभा जाईल. पिंपळ वाळला तर कोणती शोभा राहणार आहे? देवाच्या नावाने राखलेल्या देवराया आपल्या सह्याद्रीत शेकडो आहेत. तेथे वाळकी काडीसुद्धा कोणी उचलत नसे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात त्या हिंडून अभ्यासल्या आणि आपल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या पूर्वजांनी काय जपून ठेवले आहे ते जगाला दाखवले. तुकोबारायांचा झाडांवरचा अभंग आपल्या भजनी मंडळाला पाठ आहे, म्हणून तो मी म्हणत नाही.

घरच्या आणि कचेरीच्या गोष्टी थोडक्यात उरकतो. कचेरीत आमचे जुने अव्वल कारकून आलेले पाकीट उलटे करून पुन्हा वापरत, कच्चे मसुदे पाठकोऱ्या कागदावर लिहीत. आम्ही नव्या लोकांनी त्यांना हसून घेतले. आता डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, तरी लोक त्याच्या तीन-तीन झेरॉक्स घेऊन येतात आणि आम्हीही मागतो, हे कबूल करतो. माझ्यापुरते मी मागणे बंद केले आहे. मंदिरात पूर्वी साठ वॅटचे बारा दिवे पाच तास जळत. महिन्याला एकशे आठ युनिट. तेवढाच उजेड देणारे नऊ वॅटचे एलईडी लावले तर सोळा युनिट. हिशेब खजिनदारांकडे दिला आहे.

जोगेश्वरीला आलेले खण आणि साड्या कोठीत पडून असतात. बचत गटाच्या बायकांनी त्यांच्या प्रसादाच्या पिशव्या शिवायची तयारी दाखवली आहे. काही आजींना शंका आहे की देवीचा खण कापावा का. मी गुरवांना विचारले. ते म्हणाले, उंदीर कापतात त्यापेक्षा बरे. आजींची समजूत त्यांनीच काढावी.

निर्माल्यासाठी मागच्या बाजूला दोन खड्डे खणले आहेत. एक भरला की शेणकाला शिंपडून, मातीने झाकून ठेवायचा, अधूनमधून उलथायचा. दोन-तीन महिन्यांत खत होते. नारळाच्या शेंड्या आणि उदबत्तीचे पुडे त्यात टाकू नयेत. विहिरीवर जाळी बसवायची आहे, तिचे माप झाले आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता छताच्या नळांचे काम श्रमदानाने सुरू करावे, असे तरुण मंडळाने ठरवले आहे. ज्याच्याकडे पहार आणि घमेले असेल त्याने ते आणावे. ताटांची यादी खजिनदारांच्या वहीत मागच्या पानावर आहे. पहिली पंचवीस ताटे माझ्या नावावर लिहिली आहेत, काठावर नाव मात्र त्या गायीच्या मालकिणीचे घालावे, त्या परवानगी देतील तर. विहिरीतला गाळ अजून मागच्या पडवीशेजारी पडून आहे. शेतात टाकायला चांगला आहे, ज्याला हवा त्याने न्यावा. नेताना त्यातल्या पिशव्या तेवढ्या वेचून घ्याव्यात, अजून बऱ्याच आहेत.